बंद म्हणायचं नाही

“तिची ती डबी आमच्या खात्यात कुणी दाबणार नाही, तू निर्धास्त राहा. महिन्याभरात गुंडाळतील सगळं, मग सूनबाई जरा घरात दिसायला लागेल!”

...आता हे वाक्य माझ्यासाठी नव्हतंच मुळी! हे होतं सासूबाईंसाठी. बोलणारे होते माझे सासरे, म्हणजे बाबा, स्वयंपाकघरात, चहाचा कप हातात धरून. आणि मी कुठे? भिंतीपलीकडे, बाथरूममध्ये! आता माणसं बाथरूममध्ये काय करतात? अंघोळ करतात, गाणी म्हणतात. मी बादलीत कोपरापर्यंत हात घालून बसले होते, आणि त्या हाताखाली बुडवून धरली होती तीच, तीच ती डबी, कारण पाण्यात बुडाल्यावर ती चालते का ते मला बघायचं होतं. आणि चालत होती हो! एक बुडबुडा नाही, काही नाही, पाण्याखाली दिवा आपला लुकलुकतोय, मी एकटीच खूश होऊन हसतेय... आणि वरच्या झरोक्यातून हे! तुम्हाला सांगते, मी काही बोलले नाही. स्वभावच नाही माझा बोलायचा.

आधी डबी म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तुम्हीही माझ्या नवऱ्यासारखे ‘तुझं ते रिमोट’ म्हणत बसाल. कारखान्यात मशीन चालू असतं ते मध्येच थांबतं. का थांबलं, किती वेळ थांबलं, कुणाला विचारायची सोय नाही! कामगाराला विचारा, “आत्ताच थांबलं.” फोरमनला विचारा, “थांबलं? कधी?” मालकांना तर विचारूच नका, ते उलट आपल्यालाच विचारतात. म्हणून प्रत्येक मशीनला एक डबी अडकवायची. मशीन थांबलं की लाल बटण, सुरू झालं की हिरवं. थांबलं का, तर त्याला खाली तीन बटणं: मोडलं, माल नाही, माणूस नाही. संपलं! एवढीशी गोष्ट! आणि ही एवढीशी गोष्ट आमच्या साहेबांनी माझ्याकडे सोपवली. म्हणाले, “सोपी कर. एकदम सोपी. पण दणकट हं! आणि स्वस्त. आणि दिसायला देखणी. आणि... लवकर!” म्हणजे लोक सून आणताना सांगतात तेच की हो सगळं! मी काही बोलले नाही.

दणकट म्हणजे काय, ते मला नमुन्याची डबी घेऊन एका कारखान्यात पाऊल ठेवल्यावर कळलं. मी आपली नाजूक, सुबक बटणं केली होती. तिथल्या माणसांच्या हातात मोजे, आणि मोजे कसले, उशीचे अभ्रे! एकदा दाबलं की तिन्ही बटणं एकदम. म्हणजे कागदावर काय दिसायचं? मशीन मोडलंय, मालही नाही, आणि माणूससुद्धा पळून गेलाय! मग बटणं मोठी केली. मग तेल शिरलं. तेल शिरू नये म्हणून रबर लावलं, तर बटण दाबायला दोन माणसं लागायला लागली. ते मऊ केलं, तर एकानं त्या डबीनं भिंतीत खिळा ठोकला आणि वर मलाच शाबासकी, “मॅडम, झकास केलीये हो डबी! एका दणक्यात बसला बघा खिळा!” आणि घरी तर विचारू नका. मी डबी जिन्यावरून टाकतेय, फ्रिजमध्ये ठेवतेय. सासूबाई म्हणाल्या, “अगं, हे काय दुधाशेजारी?” म्हटलं, “आई, थंडीत चालतं का ते बघतेय.” तर म्हणतात, “मग स्वेटर घाल की त्याला!” नवरा पेपरमधून डोकं वर न काढता म्हणतो, “तुमचं तुम्ही बघा, मला मध्ये घेऊ नका.” हा माणूस लग्नातसुद्धा मध्ये उभा होता म्हणून, नाहीतर तिथेही हेच म्हणाला असता!

बरं, एवढं सगळं सोसून डबी तयार झाली. पाण्याला टिकली, तेलाला टिकली, जिन्याला, खिळ्याला, दुधाला टिकली. आता ती कुठल्या तरी कारखान्यात महिनाभर लावून बघायची. दुनियेत कारखाने काय थोडे आहेत? पण आमच्या साहेबांना गिऱ्हाईक कुठे मिळावं, तर बरोब्बर त्याच कारखान्यात, जिथे माझे सासरे लेथच्या खात्याचे मोठे फोरमन! आणि साहेब म्हणाले, “हे बघ, इथे जमलं तर जमलं. नाही जमलं तर डबी गुंडाळायची, आणि मग तुला तरी मी कुठल्या कामावर ठेवू, तूच सांग.” काय सांगू? इकडे साहेब म्हणतात डबी गुंडाळली तर तू घरी, तिकडे बाबा म्हणतात डबी गुंडाळली की सूनबाई घरी, आणि मधोमध मी, डबीला स्वेटर घालत!

बाबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “कारखान्यात नातं आणायचं नाही. तिथे तू मॅडम, मी फोरमन.” म्हणजे सकाळी ज्यांच्याकडून मी पेपरचं मधलं पान मागून घेतलं, ते तासाभरानं दारात उभे राहून मला म्हणणार, “नमस्कार मॅडम, आपलं काय काम होतं?” चेहऱ्यावर ओळखीची एक रेघ नाही! मीही म्हणायची, “नमस्कार सर.” आणि संध्याकाळी परत घरी, “सूनबाई, माझा चष्मा कुठे ठेवलास?” माझ्या तोंडाला आधी काही दिवस वळणच पडेना. एकदा घरी मी “सर, चहा?” म्हणाले, तर सासूबाई अशा बघायला लागल्या, की बस!

आणि आता ऐका. पहिल्या आठवड्याचा हिशेब आला. लाल बटण किती वेळा दाबलं? एकदाही नाही! एवढ्या मशीनांत एकही मशीन एकदाही थांबलं नाही! आमचे साहेब कपाळावर हात मारून म्हणाले, “अगं, माझ्या घरचा पंखासुद्धा याहून जास्त थांबतो!” मला झरोका आठवला. बाबांनी सांगून ठेवलं होतं ना सगळ्यांना! आता हे साहेबांना कसं सांगणार? सासऱ्यांची चुगली? मी काही बोलले नाही.

गेले आपली खात्यात आणि उभी राहिले एका लेथपाशी. आणि काय योग बघा, माझ्यादेखत ते मशीन घरघरलं, कण्हलं, आणि थांबलं. शांत. एकदम शांत. मी त्या कामगाराकडे बघते, तो माझ्याकडे बघतो. म्हटलं, “दादा, बंद पडलं ना? दाबा की लाल.” तर त्यानं चक्क जीभ चावली! “श्श! मॅडम, असलं काही बोलू नका. बंद कशाला पडेल? वाढलंय जरा.”

वाढलंय!

म्हटलं, काय वाढलंय? तर म्हणे मशीन वाढलंय! अहो, दुकानदार दुकान बंद करत नाही, ‘वाढवतो’. बांगडी फुटली म्हणत नाहीत, ‘वाढवली’ म्हणतात. तसं बाबांच्या खात्यात मशीन बंद पडत नाही, वाढतं! आणि मग तो कामगार आवाज उतरवून म्हणाला, “पलीकडचं खातं बघितलंत ना? कुलूप आहे ते? तिथे उठता बसता हेच, हे बंद, ते बंद. शेवटी खातंच बंद केलं वरच्यांनी. सगळे घरी. तेव्हापासून फोरमनसाहेबांनी तो शब्दच काढून टाकलाय आमच्याकडून.” आणि मी काय केलं होतं? मोठ्या टपोऱ्या अक्षरांत, पांढऱ्यावर लाल, पुसलं जाऊ नये म्हणून खोल कोरून, प्रत्येकाच्या नाकासमोर तोच शब्द टांगला होता... बंद!

आता सांगा, तेलाचं करता येतं, पाण्याचं करता येतं, धास्तीला कुठलं रबर लावणार? खरं सांगते, मला बाबांचा राग आला होता तो तिथेच अर्धा झाला. उरलेला अर्धा मी ठेवला, लागतो कधी कधी. आणि रातोरात नाही, चांगलं साहेबांना विचारून, मी लाल बटणावरचा शब्द बदलला. ‘बंद’च्या जागी ‘वाढलं’.

अहो, मग काय! पूर लोटला! हा दाबतोय, तो दाबतोय, वाढलं, वाढलं, वाढलं! वर्षानुवर्षांचं साचलेलं सगळं बाहेर! कुठलं मशीन किती वेळ पडून असतं, सगळं लख्ख! कोपऱ्यातलं जुनं लेथ तर दिवसातलं निम्मं ‘वाढलेलंच’ असायचं. बाबा लांबून बघायचे. त्यांना काही म्हणता येईना, कारण शब्द त्यांचाच!

साहेब हरखले. म्हणाले, “मालकांना दाखवायचं, तयार कर!” मी तयार केलं. पहिल्याच पानावर ठळक लिहिलं: ‘वाढलं म्हणजे बंद’. साहेबांनी ते पान काढलं. का? “मालक दुसरं पान बघत नाहीत गं. चित्रच पहिल्या पानावर पाहिजे.” बरं, चित्रात मी ‘वाढलं’चे उंच उंच खांब लाल रंगात काढले होते, तर म्हणतात, “लाल नको, मालक लाल बघितलं की बिथरतात. हिरवे कर.” माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली हो. पण नोकरी टांगणीला लागलेली, साहेब घाईत... मी काही बोलले नाही.

मिटिंग. लांबलचक टेबल. एका टोकाला मालक, मग आमचे साहेब, मग सगळ्या खात्यांचे फोरमन, त्यांत बाबा, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि शेवटी मी. भिंतीवर चित्र लागलं. हिरवेगार खांब, छताला टेकलेले, आणि खाली अक्षरं: वाढलं, वाढलं, वाढलं. मालक खुर्चीतून उठलेच! “वा! लेथच्या खात्याचं इतकं वाढलं? आणि हे कोपऱ्यातलं मशीन तर बघा! सगळ्यात जास्त हेच वाढलंय!” आमचे साहेब काय करताहेत? मान हलवताहेत! त्यांना वाटलं मालक खूश आहेत, म्हणजे आपण बरोबरच असणार! मालक म्हणाले, “ठरलं. नवी मोठी ऑर्डर सगळी लेथवर टाका. रात्रपाळीही सुरू करा. आणि त्या कोपऱ्यातल्या मशीनवर दुप्पट काम!”

मी बाबांकडे बघितलं. रंग उतरला होता हो त्यांचा. ऑर्डर आली, मशीनं जागोजाग बसली, माल गेला नाही, की कुलूप कुणाच्या दाराला? त्यांच्याच! आणि माझ्या डबीला तर लोक भिंतीत खिळे ठोकायलासुद्धा हात लावणार नाहीत. मालक म्हणाले, “फोरमन, बोला! तुमचं काय म्हणणं?” बाबा उभे राहिले. तो एक शब्द तोंडात येतोय, आणि ओठ काही उघडत नाहीत! शेवटी निघालं ते काय, “साहेब, ते... वा... वा...”

“वाहवा तर आहेच!” मालक म्हणाले, आणि टाळ्या वाजवायला लागले! सगळं टेबल टाळ्या वाजवतंय! आमचे साहेब तर सगळ्यांत जोरात!

आणि तुम्हाला सांगते, माझं काय झालं मला माहीत नाही, इतके महिने गिळलेलं सगळं एकदम वर आलं, आणि मी उभी राहून, त्या भरल्या मिटिंगमध्ये, ओरडले, “बाबा! म्हणून टाका ना एकदाचं बंद!”

टाळ्या थांबल्या. मालक म्हणाले, “बाबा...? कोण बाबा?”

आणि बाबा टेबलाची कड धरून, हळूच, पोरानं शाळेत चूक कबूल करावी तसे म्हणाले, “बंद पडतात साहेब. रोज. ते कोपऱ्यातलं तर... बंदच असतं.”

पुढचं थोडक्यात सांगते, कारण मालक थोडक्यात बोललेच नाहीत. आधी साहेबांना झोडपलं, मग बाबांना, मग खांबांच्या हिरव्या रंगाला. आणि सगळा राग संपल्यावर खुर्चीत बसून म्हणाले, “निदान कळलं तरी. आधी मशीनं दुरुस्त करा, ऑर्डरचं मग बघू. खात्याला हात लावत नाही. आणि ही डबी सगळ्या खात्यांत लावा, पण त्यावर काय लिहायचं ते मला दाखवल्याशिवाय नाही! आणि लोकांना शिकवायला...” इथे त्यांनी आमच्याकडे आळीपाळीनं बघितलं, “...हे बाबा आणि ह्या मॅडम बरोबर जातील.”

घरी आलो. एकाच रिक्षातून, तोंडं दोन दिशांना. जेवायला बसलो. बाबा ताटाकडे बघताहेत, मी ताटाकडे बघतेय. नवऱ्यानं एकदा दोघांकडे बघितलं आणि पाण्याचा तांब्या घेऊन जरा लांब सरकला. सासूबाईंना मात्र राहवेना, “काय हो? गुंडाळली का मग डबी?” बाबा म्हणाले, “सगळ्या कारखान्यात लावणार आहेत. ही रोज येणार आहे. माझ्याबरोबर.” सासूबाईंनी सुस्कारा टाकून डाव उचलला, आधी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि इतक्या मायेनं विचारलं, “जाऊ दे, दमलात दोघंही. अजून जरा वाढू का?”

बाबांचा घास हातातच राहिला. आणि त्या घरात पहिल्यांदाच, सगळ्यांना ऐकू जाईल असं, मी बोलले, “आई, घालू म्हणा, ओतू म्हणा, ताटात नुसतं टाकून द्या... पण आजचा दिवस ‘वाढू का’ तेवढं विचारू नका हो!”