भिंतीतली खिडकी

हळू, आपा, कडी वाजवू नका — अर्धीच उघडा, मी तिरकी होऊन येते. मी राजश्री, शेजारच्या खालांच्या माडीवर भाड्यानं ऱ्हाते ती. खाला हुमनाबादला लग्नाला गेल्यात, जाताना म्हणाल्या, कोई आया तो डरना नहीं बेटी, खिडकी है — आणि मी बाई वरच्या गजाच्या खिडकीशी जाऊन उभी, म्हटलं ह्यातून मांजर तरी जाईल का? आत्ता कळलं, तुम्ही भिंतीतल्या ह्या बुटक्या दाराला खिडकी म्हणता, बायकांना गल्लीत न उतरता घरोघर जाता यावं म्हणून ठेवलेलं. ऐकायलात ना, पुढचं दार कोण बडवायलंय — माझा भाऊ, रत्नपालदादा. गावाहून, जनवाड्याहून, जीप घेऊन आलाय. घरी मी हॉस्टेलला आहे म्हणून सांगितलेलं, त्याला कुणीतरी सांगितलं, तुझी बहीण कोटाच्या आत मुसलमानांच्या मोहल्ल्यात ऱ्हायलीय. चल म्हणायलाय, आत्ताच्या आत्ता. आणि उद्या कलबुर्गीत माझी शिक्षकभरतीची परीक्षा — एकदा गावी नेलं की सोडतोय कशाला? वाईट न्हाई हो तो, घाबरतो. आम्ही सगळेच घाबरतो, मी तर ताट पडलं तरी दचकते. नव्या वस्तीत घरमालक आधी आडनाव विचारायचे, मग खोली भरलेली असायची, खालांनी विचारलं फक्त जेवलीस का. तरी मीच — ही लोखंडी पेटी आत्ता सरकवली ना, ती मीच लावली होती ह्या दाराला, आल्या आल्या, पलीकडून पुरुषांचे आवाज आले म्हणून, म्हटलं ह्या लोकांचा काय — न्हाई आपा, तसं न्हाई म्हणायचं मला. रागावू नका. तुमच्या घरातून, वळणापलीकडच्या दारानं, चौबाऱ्याच्या चौकाकडं निघू द्या फक्त, तिथून बसस्टँडला जाते मी.

थांबलं बघा बडवणं. गेला वाटतं.

कामून मान हलवायलात? बोला की — हे कोण हसलं? दादा हसायलाय. तुमच्या बैठकीत. उन्हात उभा दिसला म्हणून तुमच्या घरच्या भाईजाननी आत बसवलं, व्हय? पाहुण्याला गल्लीत उभं ठेवत न्हाईत म्हणून. आणि बाहेर जायचं दार तर बैठकीतूनच.

साखर कमी घाला म्हणतोय. जा तुम्ही, आपा, चहा उतू जाईल. खिडकी ओढून घ्या. मी खालांच्या पुढच्या दारानं निघते, तिथं आता कुणी न्हाई.