पश्चिमेची भिंत

(जालना, १९५३. जुनं सिनेगॉग, म्हणजे यहुदींचं प्रार्थनामंदिर; आत सरकीची पोती. हनोख दोन वर्षांनी इस्राएलहून परतला आहे. समोर त्याचा थोरला भाऊ रेऊबेन.)

हनोख : ह्या भिंतीत दार कव्हा पाडलं, दादा? मी टांग्यातून उतरलो अन् सरळ आत आलो.

रेऊबेन : सरळच आलास. तू उभा आहेस ना, तिथं सेफेर तोराच्या पोथ्यांचं कपाट होतं.

हनोख : बाबांनी ही भिंत जन्मभर बंद ठेवली. यरुशलेम पश्चिमेला, म्हणून कपाट पश्चिमेला. रस्ता ह्याच बाजूला, तरी सगळे मागच्या बोळातून फिरून यायचे. लोक हसायचे, उलटं बांधलं म्हणून.

रेऊबेन : मला सांगून राह्यलास? दगड मी वाहिलेत.

हनोख : मंग फोडली कोणी?

रेऊबेन : मी. छप्पर गळत होतं. सरकीवाल्या कचरूलालशेठनं पत्रे घालून दिले. त्याच्या गाड्यांना रस्त्याकडून दार पाहिजे होतं.

हनोख : अन् सेफेर?

रेऊबेन : मुंबईला पोचते केले. इथं वाचणार कोण?

हनोख : इस्राएलात मला विचारलं, तू यहुदी कशावरून? दादा, मी ह्या भिंतीचं सांगितलं. म्हणलं, माझ्या बापानं रस्ता सोडला, यरुशलेम सोडलं न्हाई.

रेऊबेन : पटलं त्यांना?

हनोख : हसले.

रेऊबेन : अन् पत्रात लिहायचास, इथं सगळे आपलेच. ती पत्रं वाचून एकेक घर तिकडं निघालं.

हनोख : खरं लिहायची लाज वाटायची.

रेऊबेन : तुझ्या लाजेपायी मी इथं एकटा उरलो.

हनोख : मला आईच्या नावानं कद्दीशची प्रार्थना म्हणायचीय. इथंच. पोती हलवू आपण.

रेऊबेन : पोती हलतील. कद्दीशला दहा यहुदी पुरुष लागतात, विसरलास? ती गेली तव्हाच आम्ही नऊ होतो. दहावा तू असतास.

हनोख : मंग काय केलं?

रेऊबेन : स्टेशनावर गेल्तो. मुंबईची गाडी थांबली, डबा डबा फिरून विचारलं, कोणी यहुदी आहे का. लोकांना वाटलं, येडा आहे.

हनोख : मिळाला कोणी?

रेऊबेन : न्हाई. वापस आलो तर पुंजाराम गवंडी बोळात उभा. म्हणला, तुमच्या आईच्या हातची भाकर खाल्लीय, मी चालतो का दहावा?

हनोख : मंग?

रेऊबेन : चालत न्हाई म्हणलं. तरी कद्दीशबिगर आमची प्रार्थना होईस्तोवर बोळातच उभा राह्यला.