वॉटीची दोन नंबरची काठी

एफी : नाही म्हणजे नाही. त्या दोन नंबरच्या लोखंडी काठीला मी हात लावणार नाही. हवी तर तूच काढ पिशवीतून.

वॉटी : अगं, गोल्फची पिशवी तुझ्या खांद्यावर आहे!

एफी : कारण तुझा खांदा गेलाय. आणि तो गेला कशानं? हिच्यानंच. डॉक्टर काय म्हणाले?

वॉटी : तो टेनिस खेळतो. त्याचं काय ऐकायचं?

एफी : आज चौथ्या होलला हिनं मारलेला चेंडू काटेरी झुडपात गेला. नवव्याला माळीबुवांच्या शेडचा पत्रा वाजवलास. बिचारे हातातलं सँडविच टाकून बाहेर पळाले. त्यांना वाटलं, गारा पडतायत.

वॉटी : वारा होता.

एफी : वारा काय तुझ्या एकट्यावरच होता? पेट्रीबाईंना नाही लागला कुठं.

वॉटी : हळू बोल, ऐकतील.

पेट्रीबाई : ऐकलं, वॉल्टर. सत्याहत्तर वर्षांची आहे, बहिरी नाही. चालू द्या तुमचं सावकाश. माझा चेंडू ग्रीनवर, झेंड्याभोवतीच्या हिरवळीवर जाऊन बसलाय, त्याला कुठं जायचंय?

वॉटी : एकच मिनिट, बाई.

पेट्रीबाई : दुसरीत माझ्या वर्गात होतास तेव्हाही हेच म्हणायचास.

वॉटी : हे बघ एफी, शेवटचा होल आहे. सामना बरोबरीत, दोघांनी सारखेच होल जिंकलेत. अकरा वर्षं ह्या सप्टेंबरच्या कपामागे धावतोय आणि पहिल्यांदा फायनलला पोचलोय, तेही बाईंच्या विरुद्ध. मध्ये ओढा, पलीकडे ग्रीन, एकशे ऐंशी यार्ड. अशा वेळी माणूस काय मारतो?

एफी : जे लागतं ते मारतो. ही घे नवी काठी, हायब्रिड. वाढदिवसाला दिली त्याला आठ महिने झाले. अजून डोक्यावरचं प्लास्टिक निघालेलं नाही.

वॉटी : ती काठी नाही. काठीला टोचलेला बटाटा आहे तो.

एफी : बटाटा तर बटाटा. दुकानातल्या बाईंनी नीट समजावलंय मला. तुझी लोखंडी म्हणजे लोणी लावायची सुरी. बरोबर मधोमध लागली तरच चेंडू उठणार. ह्या बटाट्याचं वजन खाली असतं, जरा चुकलं तरी चेंडू हवेत. तुझ्यासारख्यांसाठीच करतात म्हणे.

वॉटी : माझ्यासारख्यांसाठी म्हणजे?

एफी : चुकणाऱ्यांसाठी.

वॉटी : म्हाताऱ्यांसाठी, असं सरळ म्हण ना!

पेट्रीबाई : माझ्या पिशवीत तशा चार आहेत.

वॉटी : तसं नव्हतं म्हणायचं, बाई.

पेट्रीबाई : तसंच म्हणायचं होतं. बोल पुढं.

वॉटी : ही माझ्या बाबांची काठी आहे. पंचावन्न वर्षांपूर्वी, इथूनच, असाच वारा असताना, बाबांनी हिनं चेंडू मारला आणि तो कुरव पक्ष्यासारखा...

एफी : ...ओढा ओलांडून ग्रीनवर उतरला. तुझ्या बहिणीच्या लग्नात ऐकलं, दोन्ही पोरींच्या बारशाला ऐकलं. अरे, पण पाहिलं कुणी?

वॉटी : मी पाहिलं! सात वर्षांचा होतो. त्या कुंपणावर बसलो होतो.

पेट्रीबाई : तुझे डोळे मिटलेले होते, वॉल्टर.

वॉटी : काय?

पेट्रीबाई : मी पलीकडच्या काठावर होते. नुकतीच शाळेत लागले होते, गावात ओळखीचं कुणी नव्हतं, म्हणून रोज इथं फिरायला यायची. तू डोळे घट्ट मिटून देवाचा धावा करत होतास. चेंडू उठलाच नाही. सरपटत निघाला तो थेट ओढ्याकडे. तिथं एक मेंढी पाणी पीत होती. तिच्या बुडावर आपटला आणि टुणकन उडून ग्रीनवर.

एफी : मेंढीच्या...?

पेट्रीबाई : बुडावर. चांगली गुबगुबीत होती.

वॉटी : पण बाबा कधी बोलले नाहीत!

पेट्रीबाई : बोलणार होते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तू धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडलास. सोमवारी वर्गात उभा राहून सगळ्यांना सांगितलंस, कुरव पक्ष्यासारखा गेला म्हणून. वर्षभर तुझ्या चुका दुरुस्त केल्या मी. तेवढी एक राहू दिली.

एफी : वॉटी? बसतोस का जरा?

वॉटी : मेंढी.

एफी : हो रे.

वॉटी : चाळीस वर्षं हिच्याशी झगडतोय मी. वाटायचं, बाबांना जमत होतं, मलाच मेल्याला जमत नाही.

पेट्रीबाई : त्यांनाही नव्हतं जमत. त्यात त्यांचा दोष नाही आणि तुझाही नाही. काठीच द्वाड आहे.

वॉटी : एफी, आण तो बटाटा.

(एफी दातांनी प्लास्टिक फाडते. वॉटी मारतो.)

एफी : गेला! कुठं गेला? मला दिसेना!

पेट्रीबाई : झेंड्यापासून दोन हातांवर.

वॉटी : हा अन्याय आहे! हाताला काही कळलंसुद्धा नाही! इतकी वर्षं घाम गाळला, कंबर मोडून घेतली, आणि हे एवढं सोपं?

एफी : तू रडतोयस की हसतोयस?

वॉटी : जिंकतोय! बाई, जिंकतोय मी!

पेट्रीबाई : फटका सुंदर होता. आता एक काम कर. काठ्या मोज.

वॉटी : चौदाच आहेत. काल संध्याकाळी मोजून ठेवल्यात.

पेट्रीबाई : मोठ्यानं मोज.

वॉटी : एक, दोन, तीन, चार... बारा, तेरा, चौदा. आणि ही हातातली. एफी...

एफी : काय?

वॉटी : ही पंधरावी! चौदाच्या वर एकही चालत नाही! हायब्रिड तर घरी खुंटीला होती. कधी टाकलीस?

एफी : सकाळी तू दात घासत होतास तेव्हा. पण नियम ठाऊक आहे मला. एक टाकली की एक काढायची. मी काढली!

वॉटी : कुठली?

एफी : छत्री.

वॉटी : छत्री.

एफी : तिलाही मूठ असतेच की! माझ्यावर डोळे काय वटारतोस?

पेट्रीबाई : मला हसायला नको होतं. क्षमा कर, एफी. आणि वॉल्टर, आधी लक्षात आलं असतं तर आधीच बोलले असते. तू मारत होतास तेव्हा सहज मोजल्या. शाळेच्या सहलीची सवय, डोकी मोजल्याशिवाय चैन पडत नाही. नियमानं तुझे दोन होल जातात. हा जिंकलास तरी मी एकानं पुढे. गप्प बसता आलं असतं मला...

वॉटी : नको, बाई. एकदा बसलात तेवढं पुरे.

एफी : माझ्यामुळे कप गेला रे तुझा.

वॉटी : गेला. पण तो चेंडू पाहिलास का, एफी? डोळे उघडे ठेवून मारला मी.

एफी : नाही दिसला मला. सांग ना, कसा गेला?

वॉटी : वाटेत सांगतो. चला, एवढा होल तरी पुरा करू. बाई, ह्या फळ्यांच्या पुलावर शेवाळ आहे, जपून.

पेट्रीबाई : मग हात दे की. आणि पळू नकोस.