मधे भिंत आहे का?

...आणि ती इंटरनेट कंपनीची बाई मला विचारती, ‘सर, मधे भिंत आहे का?’ आता काय सांगू हो तिला? हाय की! भिंतच हाय मधे! चौदा महिने झाले त्या भिंतीला! नऊ इंची, सिमेंटचा गिलावा, माझ्या बाजूनं पिस्ता कलर, त्यांच्या बाजूनं कंचा ते मला म्हाईत न्हाई, कारण मी बघितलेलाच न्हाई... तर म्हणलं, व्हय बाई, हाय भिंत. तर काय म्हणती, ‘मग सर, भिंत असल्यामुळे सिग्नल कमी येतो.’ वा! ह्या एका वाक्यासाठी मी एक्केचाळीस मिनिटं ते टुंगटुंग संगीत ऐकत फोन कानाला लावून बसलोय!

न्हाई, तुमाला पयल्यापास्नं सांगतो. न्हाई तर तुमी म्हणाल, ह्यो एकनाथ, वय सत्तावन्न, हायस्कूलमधला हेडक्लार्क, चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा हुडकणारा माणूस, ह्याला व्हिडिओ गेमचा डबा कशाला पायजे? ह्याला इंटरनेट कशाला पायजे? तर डबा मीच घेतला. श्रावणीसाठी. श्रावणी म्हंजे माझ्या धाकट्या भावाची, हृषीकेशची पोरगी. अकरा वर्षांची. मला न् यशोदाला पोरबाळ न्हाई, मग जे काय लाड करायचे ते तिचेच, एकाच घरात राहायचो की आमी सगळे! एक हॉल, एक टीव्ही, एक पंखा.

मग आई गेली. तेराव्याला आचारी सांगायचा होता, मी सांगितला. सांगितलाय हे हृषीला सांगायचं राहिलं. त्यानंबी एक सांगितला. तेराव्याच्या दिवशी सकाळी दारात दोन आचारी, दोन भट्ट्या, दोन पातेली आमटी, पाव्हणे शंभर न् लाडू चारशे! हसायला येतंय ना? आमाला न्हाई आलं. तो म्हणला, ‘मला विचारलं का नाहीस?’ मी म्हणलं, ‘तू मला विचारलंस का?’ बस. हितनं सुरू झालं ते आईच्या औषधापास्नं माझ्या लग्नातल्या सुटापर्यंत सगळं निघालं, न् चार महिन्यांनी हॉलमधे गवंडी उभा! भिंत आली बरोबर पंख्याखाली. पंखा कुणाचा? कुणाचाच न्हाई. काढून माळ्यावर टाकला. उन्हाळ्यात सोलापुरात बिनपंख्याच्या अर्ध्या अर्ध्या हॉलमधे दोन भाऊ घामानं निथळत बसलेत, पण बोलत न्हाईत. त्या दिवसापास्नं एक शब्द न्हाई!

टीव्ही न् गेमचा डबा माझ्या बाजूला राहिला, वायफायचा राउटर त्याच्या बाजूला. पण डब्याला पासवर्ड आधीच पाठ होता. एक दिवस सहज चालू केला, न् काय सांगू तुमाला, भिंतीतनं रेंज आली! पाचातल्या तीन दांड्या! भिंत बांधणाऱ्याला वाटलं सगळं तोडलं, पण हे काय त्याला अडवता आलं न्हाई. आणि पलीकडं श्रावणी तिच्या आईच्या जुन्या टॅबवर तोच गेम खेळायलीय. लांबून दोघांनी मिळून खेळायचं असलं तर तिच्या बापाची परवानगी लागती, ती बापाच्याच मोबाईलवर जाती. पण एका वायफायवर असलं की कुणाला विचारावं लागत न्हाई. गेमला वाटतं, एकाच घरात बसलेत.

रोज संध्याकाळी सहाला. गेम तरी कसला? ठोकळ्यावर ठोकळा ठेवून घर बांधायचं, निव्वळ गवंडीकाम! ती तिकडनं टाइप करून सांगायची, ‘काका, तिथं नको, इथं ठेव.’ ‘काका, जेवलास का?’ ‘काका, तू पाण्यात पडलास.’ मी रोज पाण्यात पडायचो. तिला दारात माझ्याशी बोलायची बंदी, शाळेच्या व्हॅनच्या काचेतनं हात हलवायची तेवढंच. पण गेममधे अर्धा तास माझा होता. आणि बांधत काय होतो? आमचंच घर. ओटा, मोरी, आईची खोली, सगळं बरोबर. मी एकदा विचारलं, भिंत कुटंय गं? तर लिहिती कशी, ‘ती नाही घेतली.’

मग हृषीची बदली झाली नागपूरला. मला कोण सांगणार? तिनंच सांगितलं, गेममधे. ‘काका, आम्ही रविवारी जाणार. छत राहिलंय. जायच्या आधी घालू.’ मी लिहिलं, घालू की. आणि त्याच दिवशी, तुमाला खोटं वाटेल, त्याच दिवशी पलीकडं काय तरी जड ओढल्याचा आवाज आला, घर्रर्र करत भिंतीला येऊन टेकलं, आणि मग चिकटपट्टी ओढायचा आवाज... चर्रर्र, चर्रर्र. सामान बांधायले होते. आणि माझ्या तीन दांड्यांची एक झाली. गुरुवारी तीबी गेली.

म्हणून त्या बाईला फोन. चैताली नाव. आवाज गोड, राग येत न्हाई तिला, हीच मोठी अडचण! ‘सर, डिव्हाइस राउटरच्या जवळ न्या.’ म्हणलं, न्यायचा म्हणलं तर भिंत फोडावी लागंल. ‘सर, जवळ मायक्रोवेव्ह आहे का?’ म्हणलं, मिक्सर हाय, शेंगाचटणी करायलीय. ‘तो बंद करा सर.’ यशोदाला म्हणलं, मिक्सर बंद कर. ती म्हणती, ‘मिक्सरनं इंटरनेट बंद पडतंय व्हय? उद्या म्हणाल, माज्या बांगड्यांनी पडतंय!’ बंद केला. काय फरक न्हाई. ‘सर, राउटर बंद करून तीस सेकंदांनी चालू करा.’ आता राउटर पलीकडं! पण मीटर दोघांत एकच हाय, माझ्या जिन्याखाली. गेलो, मेन स्विच खाली ओढला! तीस आकडे मोजले. पलीकडनं हृषीची बायको ओरडती, ‘अगं बाई, लाईट गेली!’ परत लावला. रेंज शून्य. परत पाडला. असं तीनदा. चौथ्यांदा जिन्याखाली गेलो तर यशोदा मीटरसमोर हाताची घडी घालून उभी. म्हणली, ‘पुरे.’

आणि ती चैताली परत, ‘सर, मधे भिंत आहे का?’

शुक्रवारी म्हणलं, जाऊ दे, आपलं स्वतःचं कनेक्शन घेऊ, परवानगीचं मागनं बघू, हाय काय न् न्हाई काय! केबलवाल्या सिद्धप्पाला बोलावला. अक्कलकोटचा माणूस, बोलतो मराठी, वैतागला की कानडी. त्यानं मोबाईलवर पत्ता टाकला न् डोकं खाजवायला लागला. ‘मालक, ह्या घरनंबरवर कनेक्शन हाय की. दुसरं घेत न्हाई.’ म्हणलं, अरे घरं दोन हायत! तर मोबाईल मलाच दाखवतो. ‘हितं एकच दावतंय बघा.’ म्हंजे, ऐका, महापालिकेला कळलं आमी वेगळे झालो, पाव्हण्यांना कळलं, दूधवाल्याला कळलं, फक्त त्या कंप्युटरला कळलं न्हाई! मग त्यानं डबा बघितला, भिंतीवर टकटक केलं, न् म्हणला, ‘नडुव ग्वाडी ऐतरी.’ म्हंजे मधे भिंत हाय. म्हणलं, सिद्धप्पा, हे सगळ्या भारताला म्हाईत झालंय, पुढं बोल. तर जाता जाता म्हणला, ‘भिंतीचं काय न्हाई ओ, भिंतीतनं येती जरा जरा. लोखंड नको मधे. लोखंड आलं की रेंज मेली.’ मी माझ्या बाजूचं सगळं लोखंड हलवलं. पलंग हलवला, स्टूल हलवलं, यशोदाचा खलबत्ता न् परात बाहेर. शून्य.

माझ्या मोबाईलवरनंबी जोडून बघितलं. तर डबा म्हणतो, आधी अपडेट घ्या, चाळीस जीबी. मला रोजचा डेटा दीड जीबी. सत्तावीस दिवस! आणि त्यांच्या सामानाचा टेम्पो परवा.

तुमी म्हणाल, अरे बाबा, दार वाजव की. दहा पावलं हायत. वाजवावं वाटलं हो, का न्हाई वाटणार? तीनदा चप्पल घातली. तीनदा काढली. यशोदा नुसती चपलांकडं बघत बसली.

शनिवारी शेवटचा फोन. ‘सर, आपण टेक्निशियन पाठवूया. तक्रार नोंदवण्यासाठी रजिस्टर्ड मोबाईलवर ओटीपी पाठवलाय.’ मी म्हणलं, कुटल्या मोबाईलवर? ‘ज्यांच्या नावानं कनेक्शन आहे त्यांच्या.’ आणि पलीकडं वाजलं... टिंग. भिंतीपलीकडं! आता मी फोनवर बोलतो म्हंजे पार शेजारच्या कुंभारी गावापातुर ऐकू जातं, तीन दिवस माझं सगळं पुराण त्यानं ऐकलेलंच असणार. चिकटपट्टीचा चर्रर्र आवाज थांबला.   आणि पलीकडनं, भिंतीला अगदी तोंड लावल्यागत, हृषीचा आवाज आला.

‘सात.’

चौदा महिन्यांनी! माझं नाव न्हाई, दादा न्हाई, काय न्हाई. सात. ‘नऊ.’ आणि तुमाला सांगतो, माझ्या डोक्यात काय यावं? आवाज बसलाय ह्याचा. ह्याला सर्दी झालीय. ल्हानपणी ह्याला सर्दी झाली की आई मला उठवायची, एकनाथ, त्याच्या छातीला ओवा शेकून लाव... आणि त्या नादात तिसरा आकडा गेला हो! मग ‘एक.’ झालं. संपलं.

‘सर, ओटीपी सांगता?’ म्हणलं, सात, नऊ... आणि एक. ‘सर, चार अंकी असतो.’ म्हणलं, तिसरा निसटला. ‘परत विचारता का, सर?’

परत सांग. दोन शब्द. ‘परत सांग, हृषी,’ तीन म्हणा. सगळ्या हायस्कूलला पत्रं लिहिणारा माणूस मी, इन्स्पेक्टरपुढं बोलणारा माणूस मी! यशोदा कानाशी येऊन म्हणली, ‘विचारा की ओ. तो थांबलाय तितं.’ थांबला होता. मला कळत होतं तो थांबलाय. श्वास ऐकू येत होता त्याचा. आणि मी फोन हातात धरून पिस्ता कलरकडं बघत उभा.  लाज वाटती सांगायला, पण ते दोन शब्द न्हाई निघाले.

‘सर, ओटीपीची वेळ संपली आहे.’

पलीकडं परत चर्रर्र सुरू झालं.

रविवारी सकाळी टेम्पो आला. मी पडद्यामागं. हो, पडद्यामागं, हेडक्लार्क! गाद्या गेल्या, कुकर गेला, सायकल गेली. मग चार हमाल आईचं कपाट घेऊन निघाले. लोखंडी, आरशाचं, आडवं करून. आणि तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. घर्रर्र करून भिंतीला टेकलं होतं ते हेच! चार दिवस माझ्या न् श्रावणीच्या मधे आमच्या आईचं कपाट उभं होतं न् मी मिक्सर बंद करत बसलो होतो! श्रावणी टेम्पोमागच्या गाडीत बसली. काच खाली केली, माझ्या खिडकीकडं बघितलं, लई वेळ बघितलं. हात हलवायला वर केला न् तसाच खाली घेतला, कारण खिडकीत कोण दिसलंच न्हाई तिला. मी होतो की. पडद्यामागं होतो.

गाडी गेली. आत आलो, डबा सकाळपास्नं चालूच होता. तर रेंज... पाच दांड्या. पाच! राउटर काढायला विसरले होते गडबडीत, महिनाअखेरपर्यंत चालू हाय म्हणं. जोडलाबी गेला आपोआप, रात्रीपर्यंत ते अपडेटबी उतरलं. घर उघडलं. ओटा, मोरी, आईची खोली, सगळं जिथल्या तिथं. वर छत न्हाई. मी एक ठोकळा ठेवला. मग कुटं ठेवायचा ते कळंना. पाण्यात पडलो. कोण काय बोललं न्हाई.

आणि सोमवारी फोन वाजला. ‘नमस्कार सर, चैताली बोलतेय. आपल्या शनिवारच्या कॉलचा पाठपुरावा करायचा होता. रेंज कशी आहे आता?’

म्हणलं, फुल्ल हाय ताई. पाच दांड्या.

‘अरे वा! आणि सर, मधे भिंत आहे का?’

म्हणलं, हाय की. भिंत हाय. पलीकडं कोण न्हाई.

 मग म्हणती, ‘म्हणजे समस्या सुटली, असं लिहू का, सर?’

म्हणलं... लिवा.