काळ्या कोटात निळा धागा

आई? — नाही हो दादा, आई कसली, बहीण आहे ती माझी. तुम्ही परवा कोट न्यायला आलात तेव्हा गल्ल्यावर बसली होती ना, तीच. जुळी बहीण. अहो, खरंच सांगतेय, दहा मिनिटांनी धाकटी आहे माझ्यापेक्षा, म्हणून तर घरात तिला छोटी म्हणतात — बघा, केस पांढरे झाले, पाठ वाकली, तरी छोटीच. असू द्या, माफी कशाला मागताय, सगळेच फसतात. बसा. फक्त हळू बोला जरा. पडद्यामागे पडलीय ती, आणि कान अजून तिखट आहेत तिचे. कान तेवढे राहिलेत.

द्या बघू कोट. हं. खिशाच्या वर. — दिसतंय हो, दाखवायला नको, दारातून आलात तेव्हाच दिसलं मला. काळ्या कोटात निळा धागा! आणि वीण बघा, वीण कशी सरळ आलीय, एक धागा वाकडा नाही. हाताला सवय आहे ना तिच्या. आमच्याकडे रफूसाठी बाहेरचा धागा घेतच नाही, ज्याचं कापड त्याच्याच आतल्या शिवणीतून चार धागे ओढून काढायचे आणि भोकावर विणायचे, म्हणजे रंग चुकायचा प्रश्नच नाही. मग हा निळा कुठून आला? — त्या दिवशी टेबलावर दोन कोट होते, दादा. तुमचा काळा आणि कुणाचा तरी निळा. धाग्यांच्या दोन जुड्या शेजारी शेजारी. तुमचे गेले त्याला आणि त्याचे आले तुम्हाला. तो अजून यायचाय भांडायला.

नाही, नाही, तिला हाक मारू नका! पाया पडते तुमच्या. तुमचा राग मला कळतो, नवा कोट आहे, मी असते तर मीही आरडाओरडा केला असता. पण मला काय बोलायचं ते बोला. रोज मी बघते हो — ती दुपारी आडवी झाली की तिचं काम घ्यायचं, खिडकीपाशी जायचं, उसवायचं, पुन्हा करायचं, ती उठायच्या आत जागेवर. दोन वर्षं चाललंय, तिला पत्ता नाही. नेमकी परवा मी औषधाच्या दुकानात अडकले आणि नेमके तुम्ही आलात.

डोळे? — डोळेच की. साखर आहे तिला. नाही नाही, वयाची नाही, लहानपणीची. शाळेत असताना चक्कर येऊन पडली आणि तेव्हापासून इन्सुलिनच्या सुया चालू. एका पोटातून आलो, एका ताटात जेवलो, तिलाच का आणि मला का नाही — विचारलं मी डॉक्टरीणबाईंना. त्यांनाही नाही सांगता आलं. त्यांनी काय केलं, दोघींच्या डोळ्यांच्या आतले फोटो काढले आणि शेजारी शेजारी लावले. माझ्या रक्तवाहिन्या अशा नीट, झाडाच्या फांद्यांसारख्या. तिच्या — कुठे फुगलेल्या, कुठे झिरपतायत, कुठे नुसतीच बंद. बाई म्हणाल्या, रक्तवाहिनीला आतून पेशींचं अस्तर असतं, वर्षानुवर्षं साखरेत राहून ते अस्तर वयाच्या आधी म्हातारं होतं. मरत नाहीत म्हणे त्या पेशी. काम सोडून नुसत्या बसून राहतात, आणि वर शेजारणींनाही बिघडवतात. अस्तर म्हटल्यावर मी वेड्यासारखी विचारून बसले, बदलता नाही का येत? कोटाचं आम्ही बदलतो. बाई हसल्या नाहीत. ते वाईट वाटलं मला, हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता ती एवढं सांभाळते, दादा, एवढं सांभाळते — तोलून खाते, वेळेवर टोचून घेते, साखर आता माझ्याइतकी असते कधीकधी. तरी आतलं चालूच. जुनं लक्षात ठेवतात म्हणे पेशी. आता सांभाळलं तर वेग कमी होतो, गेलेलं परत येत नाही. मग मी काय करायचं? लेसर केलं, इंजेक्शनं केली, डोळ्यात हो, डोळ्यात! मी बाहेर बाकावर. दुसरं काय येतं मला? उसवायचं आणि पुन्हा करायचं, एवढंच येतं.

आणि एक सांगू? पहिल्यांदा एका गिऱ्हाइकानं विचारलं ना, आई कुठे आहेत — मला बरं वाटलं होतं. तरुण दिसते म्हणून. घरी जाऊन आरशात बघितलं मी. — जाऊ दे. कशाला सांगतेय मी तुम्हाला हे.

बोटंही गेलीत आता. सुई रुतली तरी कळत नाही तिला, कापडावर लाल ठिपका दिसला की मला कळतं. काम बंद कर म्हणू? कोणत्या तोंडानं? बाकी काय उरलंय तिच्याकडे? — तुम्ही असं करा, कोट ठेवून जा, उद्या मी —

अगं! उठलीस का? हळू, स्टूल आहे मध्ये. — हे ना, हे कोटवाले. तक्रार कसली! मुद्दाम सांगायला आलेत, रफू कुठे केलंय ते सापडतच नाही म्हणून. हो ना, दादा? — हो, विचार की. दादा, ती विचारतेय, कुठे फाटलं होतं दाखवा. आमची जुनी पैज आहे ही, प्रत्येक गिऱ्हाइकाशी, आणि आजवर छोटीच जिंकलीय. ठेवा बोट.

...खांद्यावर? खांद्यावर ठेवलंत तुम्ही? — हरले गं! हरले हे! खांदा दाखवतायत! हस, हस तू. — काय? तू दाखवतेस? कशाला आता, राहू दे — बरं. घे. नीट धर.

खाली नाही गं, वर... हां, तिथेच. तिथेच कुठेतरी. — नाही? खिशावरून तर गेली बोटं तुझी. पुन्हा बघ. उजेडाकडे धर.

ऐकलंत, दादा? काय म्हणतेय ती? मलासुद्धा सापडत नाही म्हणतेय. स्वतःचं काम स्वतःलाच सापडत नाही म्हणून हसतेय बघा कशी.

घ्या कोट. नाही, आता ठेवता नाही यायचा, ती विचारेल का ठेवला. घालूनच जा. — या तुम्ही, दादा. या आता.