ताणलेला पाय

अरे ऐका ना, काल शर्यतीचे नंबर घ्यायच्या रांगेत माझ्यापुढे नणंद-भावजय होत्या, दोघी साठीच्या आणि दोघी शंभर मीटर पळणार!

"वन्सं, पाय खाली घ्या. किती वेळ ताणून धरलाय."

"ताणला की मोकळा होतो, वहिनी."

"ढिला पडतो. पळण्याआधी गुडघे उचलत चालायचं, ताणायचं ते नंतर."

"मागच्या वर्षी मी अशीच ताणत बसले होते. तुम्ही शेजारीच होतात की."

"होते."

"मग बोलला नाहीत?"

"मला जिंकायचं होतं."

"जिंकलात तर खऱ्या."

"जिंकले, पण ते पदक कुणाला दाखवावंसंच वाटलं नाही. चला, उचला गुडघे."

"आणि आज हरलात तर?"

"तर तुमच्या भावाला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर म्हणतील, बहिणीसाठी मुद्दाम हरलीस."