आधी खड्डा, मंग सौदा

“जमीन काय टरबूज आहे का बाई, खाप काढून दाखवाले?” असं म्हणून राह्यला तो बंडूजी दलाल, नालवाडीच्या प्लाटावर, भर उन्हात, चार लोकांपुढं, अन् मी म्हटलं, हो, टरबूजच आहे, आधी खड्डा, मंग सौदा... आता तुम्हीच सांगा, चार आण्याचं टरबूज आपण ठोकून, हुंगून घेतो, अन् तीस वर्षं दूध विकून जमवलेला पैसा काय डोळे मिटून मातीत टाकू?

टाकाचा तं होताच, बरं का. आठ दिवस झाले, मले आनंदानं जेवण जात नोतं. दोन खोल्या बांधाच्या, एखादा कारकून भाड्यानं ठेवाचा, अन् म्हातारपणी सुनेपुढं ताट सरकवाचं नाई, एवढाच बेत. अन् माहा केशव, कचेरीत नोकरीले, त्यानं खर्चाचा अंदाज काढला, काय सांगू तुम्हाले, असा कागद तं... विटा, चुना, छपराचे कवेलू, सागाचे फाटे, दाराची कडीसुद्धा सोडली नाई पोट्ट्यानं. मी चाळिशीत पुडीच्या कागदावरून वाचाले शिकलेली बाई, बोट ठेवून ठेवून वाचलं. ‘पाया : दोन हात.’ म्हटलं, दोनच काऊन रे? तं म्हणे, “बंडूजी म्हणाले, दोन हातावर मुरूम आहे.” अरे, बंडूजी काय जमिनीच्या पोटात राह्यते? आपली इकडची काळी माती, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते. सेलूले माह्या बहिणीच्या भिंतीले अशी भेग पडली का शेजारीण तिच्यातूनच हात घालून मीठ मांगते. कडक मुरमाले टेकल्याशिवाय भिंत उभी राह्यते का कुठं? म्हणून म्हटलं, आधी खड्डा, मंग सौदा.

बोलावलं खड्डे खणणाऱ्या तानबाले, कुदळ-फावडं घेऊन. दोन हात झाले, काळी. बंडूजी म्हणे, “आता लागनच.” तीन हात, काळी. “हा काय, लागलाच.” चार हात, लोण्यासारखी काळी, अन् तानबाचं नुसतं पागोटं दिसे. बंडूजी वरून असा वाकून पाहे, जसा मुरूम त्याच्याच हाकेची वाट पाहून राह्यला. सहाव्या हाताले मी केशवले म्हटलं, काढ बाबू तुहा कागद, दोन्ही खोल्या तं पायातच गडप झाल्या, आता कवेलू काय हवेवर ठेवतं? केशवनं कागद काढला, तं घडीतून बंडूजीच्या सहीची पावती खाली पडली. घाम पुसे, अन् माह्याकडं पाहे ना. तवा मले समजलं. आधी खड्डा, मंग सौदा म्हणणाऱ्या बाईचा लेक, अन् त्यानं मले न इचारता शंभर रुपये इसार देऊन ठेवला होता...

मी तोंड उघडाच्या आत बंडूजीचा आवाज चढला. “सौदा मोडला तं इसार बुडाला, रिवाज आहे बाई, मी काय करू? तानबा, बुजव रे तो खड्डा, दुपारी आंजीचे मास्तर हाच प्लाट पाहाले येऊन राह्यले.”

केशव म्हणे, “माय, चाल घरी. जाऊ दे.”

जाऊ दे? मी पदर खोचला, खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसले, अन् म्हटलं, “बुजवू नोको तानबा, इसार बुडाला तं बुडाला, पण मंग हा खड्डा माह्या शंभर रुपयाचा झाला, अन् मास्तर येईपर्यंत मी इथंच बसते.”